मे महिन्यातला 'र'

बाबा,

बोट घेऊन निघालेय, उद्या संध्याकाळी येईन. मोडलेला खुबा अजून कच्चा आहे, एकटा जिना उतरू नकोस.

खिडकीतल्या तेलाच्या कॅप्सूल मी फेकून दिल्या. एक फोडून पाहिली, तर इंजिनच्या जुन्या वंगणासारखा वास! असलं खवट तेल काय अंगी लागणार? फ्रिजच्या दारात काळी बाटली आहे, ती घे. कॉडच्या लिव्हरचं ताजं तेल आहे, आणि तो मासा यंदा मी धरलाय, तुझ्या जागी तांडेल म्हणून, तुझ्या बोटीवर. रिकाम्या पोटी काळ्या कॉफीबरोबर ढोसू नकोस. आधी भरपूर लोणी लावलेला पाव आणि हेरिंग मासा, मग चमचाभर तेल, म्हणजे अंगात मुरेल. वर व्हिटॅमिनच्या गोळ्या नकोत, तेलात 'अ' आणि 'ड' आहेतच.

तू म्हणणार, "नावात 'र' नसलेल्या महिन्यात आपल्या लोफोटेन बेटांवर कुणी हे तेल घेत नाही." पण डॉक्टरीणबाईंना तुझ्या हाडांसाठी 'ड' हवाय, 'र' नाही. तरी तुझ्या समाधानासाठी कॅलेंडरवर 'मे'पुढे पेनाने 'र' लिहिलाय. आता निमूटपणे घे. लहानपणी तू माझं नाक दाबून पाजायचास, विसरले नाहीये.

ओडवारकाका सांगत होता, धक्क्यावर तू सगळ्यांना म्हणालास, "पोरगी माझ्याही वरचढ निघाली." घरी बोलायला काय झालं होतं?

ऑगस्टपुढेही 'र' लावून ठेवलाय. तोवर पाय धड कर. ऑगस्टरमध्ये तुला माझ्या बोटीवर खलाशी म्हणून घेणार आहे.

सुनिवा