उजव्या कडेचे बाबा

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून कामाला लागलो. बाबांना जाऊन वर्ष होतंय. अठराला घरी नातेवाईक आणि त्यांची जुनी गिऱ्हाइकं जमणार, प्रत्येकाला फोटोंची पुस्तिका द्यायची. ताई म्हणाली, डिझायनरकडे दे. म्हटलं, मी काय मेलोय? मग लक्षात आलं, वाक्य जरा चुकलं.
दोन दिवसांचं काम. बसायला बाबांची शिवणाची खोली घेतली.

दुपार
बाबांचा एकट्याचा फोटो नाही. कॅमेरा त्यांचा. टायमर लावून धावत यायचे आणि रांगेच्या उजव्या टोकाला उभे राहायचे. सगळ्या फोटोंत तिथेच, धापा टाकत. पासपोर्टचा एक आहे, पण आई म्हणते त्यात ते चोरी करताना सापडल्यासारखे दिसतात.
ठरलं. उजव्या पानांवर घरचे फोटो, पानभर. डाव्यांवर मजकूर. आई म्हणाली, बाकी काही नको, फक्त ते नीट दिसू देत. ही काय सांगायची गोष्ट आहे?

५ फेब्रुवारी
प्रेसवाल्यांचा फोन. फाइलला ब्लीड नाही. म्हणजे फोटो पानाच्या कडेबाहेर तीन मिलिमीटर जास्त हवा. छापलेला गठ्ठा कापताना सुरी केसभर सरकते, बाहेर फोटो नसला तर कडेला पांढरी रेघ उरते. म्हटलं, मग सुरी सरकवू नका. त्यांनी फोन ठेवला. पटलं असावं.
संध्याकाळी नमुना आला. पानापानाला पांढरी रेघ. मशीन जुनं दिसतंय.
बाबाही शिवणीच्या आत कापड जास्त ठेवायचे. माझ्या शाळेच्या पँटी दरवर्षी उसवून वाढवायचे आणि म्हणायचे, तुझं प्रत्येक काम दोन बोटं कमी. याचा छपाईशी काही संबंध नाही.

८ फेब्रुवारी
ब्लीडच्या रकान्यात ३ टाकलं. फाइल परत. म्हणे, आकडा टाकून फोटो वाढत नाही, तो ओढून कडेबाहेर न्यावा लागतो. मग रकाना ठेवलाय कशाला?
दुपारी उजव्या बाजूला कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. वळलो तर कपाटाची कड. चष्म्याचा नंबर वाढला असणार. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली.

१० फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. हल्ली डॉक्टरांचा अभ्यास कमी पडतो.
उजवीकडचा हलायला तयार नाही. आज खोकला. बाबा कापडाच्या धुळीने खोकायचे, तसाच. खोली वर्षभर झाडलेली नाही, मलाच धूळ लागली असेल. पण मी खोकलो नव्हतो.
घाबरलो वगैरे नाही. काम फक्त स्वयंपाकघरात हलवलं. आईला सांगितलं, इथे उजेड बरा आहे.

१२ फेब्रुवारी
तोडगा निघाला. तीन मिलिमीटर कंजूष माणसाने द्यावेत. मी वीस दिले. डावी कड जागेवर धरून सगळे फोटो उजवीकडे ओढले. घ्या बाबा, दोन बोटं जास्त. स्क्रीनवर सुरेख दिसतंय, सगळे आहेत.
ताई म्हणाली, कापल्यावर पान कसं दिसेल ते बघ, प्रोग्राममध्ये तशी सोय असते. म्हटलं, मला शिकवू नकोस. प्रेसवाले म्हणाले, वीस जरा जास्तच होतात, पण कागद मोठा आहे, बसेल. आधी एक प्रत कापून दाखवू का? म्हटलं, वेळ नाही, सगळ्याच कापा.
उजवीकडचा स्वयंपाकघरातही आला. फार जवळ उभा होता. बाही ओढल्यासारखी वाटली. कौतुकाने ओढली असणार.

१७ फेब्रुवारी
गठ्ठे आले. सोडले नाहीत, उगाच हाताचे डाग पडतात. गठ्ठ्यावरचा कागद जरा फाडून कडा तेवढ्या तपासल्या. पांढरी रेघ कुठेही नाही. जिंकलो.

१८ फेब्रुवारी
सगळे जमले. पुस्तिका वाटल्या. एक म्हातारं गिऱ्हाईक म्हणालं, कागद छान आहे.
आई पानं उलटत होती. तिचं बोट प्रत्येक फोटोत आमच्या सगळ्यांवरून उजवीकडे सरकायचं आणि पानावरून खाली घसरायचं. एका पानावर माझ्या खांद्यावर हात सापडला. नुसता पंजा. त्यावर बोट ठेवून तिने विचारलं, "आणि हे कुठे आहेत?"
म्हटलं, ब्लीडमध्ये.
तिने पुस्तिका मिटली आणि लोकांना चहा विचारायला उठली.

१९ फेब्रुवारी
सकाळीच प्रेसमध्ये गेलो. कापलेल्या पट्ट्या पोत्यात भरून रद्दीवाल्यासाठी दारात ठेवल्या होत्या. पोतं उचलून आणलं, बाबांच्या टेबलावर ओतलं. पट्टीपट्टीवर बाबा. धापा टाकत, थोडे हसत. मला रडू आलं. बाही ओढली तेव्हाच मी थांबायला हवं होतं.
आईने पट्ट्या पानांना लावून पाहिल्या, जुळत गेल्या तशा वेगळ्या काढल्या. मग आपली प्रत घेऊन मशीनवर बसली आणि एकेका पानाला त्याची पट्टी शिवत गेली. टाके वाकडे येत होते. म्हणाली, "तुझ्या पँटी अशाच वाढवायचो आम्ही."
वाटलेल्या प्रती परत मागवून सगळ्या मीच शिवणार आहे. उद्यापासून. किंवा मशीन चालवायला शिकल्यावर.
आई झोपायला गेल्यावर तिथेच बसून राहिलो. उजवीकडे पाहिलं. नुसती कपाटाची कड. बराच वेळ पाहिलं.
डॉक्टर बरोबर होते. डोळे ठणठणीत आहेत.