सांब्राणी धुरात धरत नाहीत

१३ जाने., सोम. भोगी.
पहाटेच गल्लीत इथल्या रिवाजाने जुन्या चटया, मोडक्या टोपल्या पेटल्या. चेन्नईच्या आमच्या तिरुवल्लिकेणीभर पांढरा धूर. मी खिडक्या लावेपर्यंत अम्मांना धाप लागली ती लागलीच. पंप दिला, तासाभराने बसली. अप्पा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत तेच ते पुटपुटत होते, "माझ्या सिगारेटींनी केलं." सिगारेट सोडून जमाना झाला, पण सासऱ्यांच्या डोक्यातून जात नाही. त्यात नणंदबाईंचा फोन, "अप्पांनीच अम्माची छाती जाळली." सणासुदीला तरी तोंड आवरावं माणसाने!

१६ जाने., गुरु.
अण्णा नगरला नवी छातीची डॉक्टरीण. तरुण, शांत. म्हणाली, दुखणं एकच पण वाटा वेगळ्या. कुणाला सिगारेटमुळे, कुणाला चुलीच्या धुरामुळे, जुन्या क्षयामुळे, दम्यामुळे. कुणाची फुप्फुसं जन्मापासूनच अपुरी, कुणाला आईबापांकडून. कधी दोन-तीन कारणं एकत्र. अम्मांची वाट कुठली ते शोधायचं. रक्त घेतलं, फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं.

मग अम्मांना आजी म्हणत विचारलं, "पाट्टी, घरात धूर कसला कसला?" झालं! अम्मा जी सुटल्या! तंजावरची उमीची, म्हणजे भाताच्या तुसाची चूल, न्हाणीघरातला तांब्याचा बंब, ओली लाकडं, फुंकणी. कुठल्या चुलीवर काय चांगलं शिजायचं तेही. धाप लागत होती तरी थांबेनात. चेहरा कसा उजळला होता. मलाही त्या चुलीवरचं जेवायची इच्छा झाली, आता बोला.

"अजून काही? अगरबत्ती, सांब्राणी?"
"अय्यो, तें धूर नव्हें ग! तें औषध!"
सांब्राणी म्हणजे आपला ऊदच, पण अप्पांनीही मान डोलावली. खरं सांगायचं तर मीसुद्धा.

१७ जाने., शुक्र.
अम्मांचं न्हाणं. निखाऱ्यावर सांब्राणी, वर बांबूची टोपली, टोपलीवर ओले केस पसरून अम्मा पाटावर. अम्मांचे हात वर जात नाहीत तेव्हापासून हे काम अप्पांकडे. खोकला आला की अजून एक चिमूट टाकतात, छाती मोकळी होते म्हणून.

साताऱ्याहून लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या शुक्रवारी अम्मांनी माझे केस असेच टोपलीवर पसरले होते. यांची तंजावरी मराठी मला कळेना, तमिळ तर नाहीच. आईची आठवण येऊन ढसाढसा रडले. अम्मा म्हणाल्या, "धूर गेला डोळ्यांत," आणि पदराने माझे डोळे पुसले. त्या दिवसापासून हा वास म्हणजे माझं घर.

आज नीट पाहिलं. अप्पा चिमूट टाकतात तेव्हा अम्मा श्वास धरून बसतात.

२० जाने., सोम.
अप्पा दूध आणायला गेले तेवढ्यात विचारलंच. "अम्मा, सांब्राणीने त्रास होतो ना?"
"होतो."
"मग सांगत का नाही?"
"त्यांस सांगूं नको. सिगारेट सुटली तेव्हांपासून एवढेंच करतात माझ्याकरितां. आधींच मनास लावून घेतलें आहे. आतां हेंही त्यांच्याच हातून, असें सांगूं कां?"
भाजी चिरत बसले. राग आला, दोघांचाही. आणि माया पण.

२२ जाने., बुध.
रिपोर्ट. आईबापांकडून आलेलं नाही. फुप्फुसावर लहानपणच्या आजाराचा जुना डाग, त्यावर चुलीचा धूर वर्षानुवर्षं, त्यात घरातली सिगारेट. मिश्र.

अप्पा आजही हट्टाने आले होते. खुर्चीच्या कडेला बसून तमिळमध्ये विचारलं, "यात माझं किती?"
"तसं वेगळं काढता येत नाही, तात्ता. पण आता घरात कुठलाही धूर नको. सांब्राणीसुद्धा आजपासून बंद."
अप्पांनी अम्मांकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"
अम्मा खिडकीबाहेर बघत राहिल्या.
रात्री जेवणानंतर सांब्राणीचा डबा मी माझ्या कपाटात कुलूपबंद ठेवला. टाकवेना.

२३ जाने., गुरु.
नणंदबाईंना मीच फोन करून सांगितलं, चूल होती, आजार होता, एकट्या अप्पांवर ढकलू नका. "डॉक्टरीण तुझ्याच बाजूची दिसते," म्हणाल्या. ठेवला फोन.

२४ जाने., शुक्र.
अम्मा न्हाऊन आल्या. नेहमीच्या जागी, नेहमीच्या पाटावर, अप्पांकडे पाठ करून बसल्या. अप्पा दारात उभे.
"यायचें नाहीं कां?"
आले. निखारे नाहीत, काही नाही. रिकामी टोपली मांडली, तिच्यावर केस पसरले आणि ताडाच्या पानाच्या विंझण्याने वारा घालू लागले. अम्मांनी डोळे मिटले. या वेळी श्वास धरला नाही, चांगला खोल घेतला. मला इतकं बरं वाटलं!

थोड्या वेळाने अम्मा म्हणाल्या, "वास नाहीं तर न्हाल्यासारखें वाटत नाहीं. एक चिमूट टाका हो. वासापुरती."
विंझणा थांबला. अप्पा माझ्याकडे बघू लागले.
कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. आणि तो वास मलाही हवा होता.