प्रायश्चित्त त्यानं केलं

बाई, तुम्हाला लिहायचं तर अक्षर नीट काढावं लागेल, म्हणून मी इतकी वर्षं लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. तुम्ही देवाघरी जाऊन वीसच्या वर वर्षं झाली, आता अक्षर तपासणारं कोणी नाही. तरी ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष ठेवूनच लिहितो आहे. माझी शाळा सातवीत सुटली हे तुम्हाला ठाऊक आहे. जे काही शुद्ध लिहिता-बोलता येतं ते मिशनच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत आलं, तुमच्या हाताखाली.

ती खोली मला अजून दिसते. स्टोव्हवर सुया उकळताहेत, खिडकीला धुतलेल्या पट्ट्या वाळत घातल्यात आणि पेशंट यायला अजून अर्धा तास आहे. तुम्ही नगरकडच्या, तुमचं बोलणं स्वच्छ. आम्ही दोघं-तिघं इकडचे, वाशीमच्या बाजूचे, मी जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा आणि शेजारी आपला कंपौंडर. तुम्ही फळ्यावर शब्द लिहिता. तारण. कृपा. नीतिमान ठरणे. पवित्रीकरण. मी विचारतो, "बाई, नीतिमान ठरनं अन् नीतिमान होनं एकच ना?" तुम्ही म्हणता, "लग्न ठरलं की मुलगी त्याच दिवशी संसारात तरबेज होते का?" "नाई." "पण ठरलं ते ठरलं ना?" "हाव." "मग तसंच आहे. देव आधी ठरवतो, ख्रिस्ताकडे बघून, निव्वळ कृपेनं. तरबेज होणं मागून येतं, जन्मभर येत राहतं. त्याला पवित्रीकरण म्हणायचं." त्यावर कंपौंडर म्हणाला, "बाई, आमच्या घरचं तं ठरून वीस वर्सं झाली, भाकर अजून करपतेच." तुम्हीसुद्धा तोंडाला पदर लावून हसला होतात. मी हसलो नाही. मला तेव्हापासूनच काळजी, की ठरलं ते खरंच ठरलं आहे ना, आणि ते कुणी पुन्हा मोडणार तर नाही.

पुढे तुम्ही मला सकाळी बाकावर बसलेल्या पेशंटांशी दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, घाम फुटलेला, आणि म्हणालो, "बाप्पाहो, आपापल्या पापाचं प्रायश्चित्त करा, मंग देव माफ करते." मला वाटलं झकास बोललो. तुम्ही मला मागच्या खोलीत बोलावलंत आणि दार लोटून घेतलंत. आवाज चढवला नाहीत, पण चेहरा पांढरा पडला होता. "हा एक शब्द चुकलास की सगळं उलटं होतं. प्रायश्चित्त म्हणजे पापाची भरपाई. ती त्यानं केली, वधस्तंभावर, एकदाच आणि पुरती. आपण करायचा तो पश्चात्ताप. चूक कबूल करायची, तोंड फिरवायचं आणि त्याच्याकडे जायचं. बस्स." मी म्हणालो, "बाई, खेड्यात पश्चात्ताप कोनाले समजत नाई. प्राश्चित समजते." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच तर सांगते. प्रायश्चित्त म्हटलं की माणूस स्वतःला छळायला निघतो. तुझ्या शब्दानं कोणी निघाला तर तो भार तुझ्यावर." मग दोन्ही शब्द मला वहीत पान भरून लिहायला लावलेत. कंपौंडर महिनाभर मला प्राश्चितबुवा म्हणायचा. "कावून प्राश्चितबुवा, आज उपास का पारनं?" मी तो शब्द पुन्हा चुकलो नाही. म्हणजे तुमच्यासमोर नाही.

माझ्या मोठ्या भावाला तुम्ही एकदाच पाहिलंत, तेही त्याचा पाय सडल्यावर. त्याआधीचं मी तुम्हाला नीट कधी सांगितलं नाही. मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा दादा काही बोलला नाही, फक्त माझं ताट वेगळं ठेवायला लागला. ते मी सोसलं. पण माय गेली तेव्हा मी निरोप मिळताच गावी, रिठदला पोचलो, आणि अंगणात दादानं मला छातीवर हात लावून थांबवलं. "तुहा हात लागू देनार नाई. तू आमच्यातला राह्यला नाईस." सगळं गाव उभं होतं. तिरडी माझ्यासमोरून गेली. मी कुडाला धरून उभा राहिलो, आणि जिनं मला नऊ महिने पोटात वागवलं तिला खांदा न देता संध्याकाळच्या बसनं परत आलो. तुम्ही विचारलंत, "सगळं नीट पार पडलं ना?" मी हो म्हणालो.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी दादा दवाखान्यात आला. तुरी निघाल्या होत्या, उन्हं लागायला लागली होती. वाळला होता, डोळे आत गेले होते. वाशीमच्या डॉक्टरनं त्याला साखरेचा आजार सांगितला होता. बाकावर माझ्याशेजारी बसला आणि बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिला.

"लहान्या, डोया लागला का माय सपनात येते. दारातच उभी राह्यते. आत ये म्हनलं तं येत नाई."

मी म्हणालो, "मंग?"

"म्या तुले खांदा देऊ देला नाई, तेच असन. म्या चुकलो, लहान्या. तुमच्यात याच्यावर काय सांगतात? म्या काय करू?"

बाई, तुम्ही फळ्यावर शिकवलं ते सगळं त्या माणसानं आधीच करून आणलं होतं. चूक कबूल केली होती, तोंड फिरवलं होतं, चालत माझ्या दारी आला होता. मी एवढंच म्हणायचं होतं, की दादा, झालं, माफ आहे, आणि भरपाई करणारानं केव्हाच केली आहे, चल तुला त्याची गोष्ट सांगतो.

मी म्हणालो, "दादा, प्रायश्चित्त करा लागते."

त्यानं मान हलवली. त्याला शब्द लगेच समजला. "हाव, ते तं खरंच हाय. मंग चाळीस दिवस एकदाच जेवतो अन् अनवानी राह्यतो. मायच्या नावानं." त्याच सकाळी मी साखरेच्या तीन पेशंटांना दम दिला होता, की अनवाणी चालाल तर पाय जाईल, साखरेच्या पायाला काटा कळत नाही. हे वाक्य मी दिवसातून दहादा म्हणायचो. दादानं चपला काढून पिशवीत टाकल्या आणि तसाच रस्त्याला लागला. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो.

तुरीचं वावर कसं असतं ते तुम्ही पाहिलं नसेल. कापणी झाली की जमिनीत विळ्यानं तिरपी कापलेली खुंटं राहतात, भाल्यासारखी. दादा त्या वावरात रोज अनवाणी फिरला. वहिनीनं सांगितलं की त्याला पाय दुखलाच नाही, वास आला तेव्हा कळलं. एकतिसाव्या दिवशी त्याला बैलगाडीतून आणलं. पट्टी मीच सोडली. खुंट तळव्यातून आत गेलेलं, त्याच्या भोवती काही उरलं नव्हतं, अळ्या होत्या. मी धुवत होतो आणि दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "नवू दिवस राह्यले, लहान्या. तेवढे चालतील ना?" तुम्ही दाराशी उभ्या होतात. तुम्हाला वाटलं तो उपचाराचे दिवस विचारतो आहे. अकोल्याला मांडीपासून पाय कापला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याला खांदा मी दिला, कोणी अडवलं नाही.

तुम्ही तेव्हा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "तुझ्याकडे आला होता ना तो? तू सुवार्ता सांगितलीस, बाकी देवाच्या हाती." आणि निवृत्त होऊन नगरला जाताना मला तुमची शब्दांची वही दिलीत, सगळ्यांसमोर म्हणालात, "हा एकदा एक शब्द चुकला आणि पुन्हा कधी चुकला नाही. असा विद्यार्थी मला दुसरा मिळाला नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वही घेतली. ती मी आजवर उघडलेली नाही.

आता माझी काळजी अशी आहे. तुमच्या शिकवणीप्रमाणे तारण विश्वासानं आहे, आणि ज्याच्या कानावर ते पडलंच नाही, किंवा उलटं पडलं, त्याचं काय, हे मी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही, कारण कुणाचं ते सांगावं लागलं असतं. इथल्या तरुण पास्टरला मी दोनदा विचारलं. त्यानं मोबाइल खिशात टाकला आणि म्हणाला, "अंकल, देव न्यायी आहे. तुमी लय टेन्शन घेता." चांगला मुलगा आहे. पण माझा भाऊ मायच्या नावानं अनवाणी चालत कुठवर पोचला, हे त्याला ठाऊक नाही. दार उघडं होतं आणि त्या दारात मी उभा होतो, त्याच्या छातीवर हात लावून.

कुणी म्हणेल, अडाणी माणूस, शब्दात गोंधळला. मीही काही वर्षं तसंच म्हणत होतो. तुम्ही असतात तर लगेच ओळखलं असतंत. बाई, त्या दिवशी बाकावर मला दोन्ही शब्द येत होते. दुसरा जिभेवर आला होता. मग मला अंगणातून जाणारी तिरडी दिसली आणि वाटलं, यानं थोडं भोगावं. थोडंच.

हा कागद टपालात टाकायचा नाही, तेव्हा राहिलेलंही लिहितो. ते कळलं असतं तर तुम्ही माझ्यावर सगळ्यात जास्त रागावला असतात. दादा गेल्यापासून मी गोड खाल्लेलं नाही. चहा बिनसाखरेचा, सणाला पुरणपोळी बाजूला. घरी सांगितलं आहे की मला साखर आहे. ख्रिस्ताचं पुरेसं नव्हतं का, असं तुम्ही विचाराल, आणि बायबल-क्लासात मीही लोकांना तेच विचारतो. गेल्या आठवड्यात सुनेनं मला बळंच नेऊन रक्त तपासून आणलं. रिपोर्टात काही निघालं नाही. आज सकाळी तिनं हसत हसत चहात दोन चमचे साखर घालून कप माझ्यापुढे ठेवला. मी प्यालो नाही. दात दुखतो म्हणालो.