आईच्या पलंगावरची सॅटीनची चादर

प्रिय बाबा,

आठ दिवसांपूर्वी आईच्या पलंगावर सॅटीनची चादर घातली. ती खरं तर दीड वर्षापूर्वी तुमच्या पलंगावर घालायला हवी होती. म्हणून हे पत्र.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आहे. सहा आठवडे बहुतेक वेळ पडूनच. तिची पाठ लाल दिसली आणि मला तुमची आठवली. डॉक्टर म्हणाले, तिथे जखम झाली तर चालणं लांबेल.

तुमच्या आजारपणात मी पानिपतहून, मी इंजिनिअर आहे त्या कापडगिरणीतून, चादर निवडून आणली होती. साधी वीण, धागा एक वर, एक खाली. घासून किती टिकते, या चाचणीत पहिली! तुम्ही मात्र म्हणालात:

"इंजिनिअरसाहेब, यार, ही चादर आहे की पायपुसणं? ती मऊ, चमकणारी आण ना."

"बाबा, सॅटीन टिकत नाही."

किती टिकायला हवी होती? डॉक्टरांनी तुम्हाला चार महिने दिले होते. मला ते माहीत होतं.

माझी माहिती चुकीची नव्हती. सॅटीनमध्ये आडवा धागा चार उभ्या धाग्यांवरून जाऊन मग एकाखाली शिरतो. त्यामुळे कापड गुळगुळीत होतं, चमकतं. आणि त्यामुळेच नखात, अंगठीत धागा अडकतो. मी अडकणं तेवढं लक्षात ठेवलं. गुळगुळीत कापडावर कूस बदलताना कातडी कमी ओढली जाते, हे विसरले; तुमची लाल पाठ तेच सांगत होती. पण तुम्हीही एकदा तरी रागवायचं होतं ना! सगळं हसण्यावारी का नेलंत?

या वेळी सुती सॅटीन आणलं, घाम शोषणारं. चादर म्हणजे औषध नव्हे. दर दोन तासांनी आईची कूस बदलतेच. तिची नखं कापली, अंगठी काढून ठेवली.

"अच्छा! चादर माझ्यासाठी आहे, की मी चादरीसाठी?" तुमचीच बायको!

आज सकाळी पाठीवर लाली नव्हती. आई वॉकर धरून दारापर्यंत गेली आणि मलाच म्हणाली, "चलो, उद्या बाल्कनी."

अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी कापड निवडायचं काम गिरणीत मी मागून घेतलं आहे. बाबा, वचन देते: प्रत्येक नमुन्यावर आधी अशा माणसाला झोपवून विचारीन. कुणी टोचतं म्हणालं, तर वाद घालणार नाही.

तुमची,
मृणाल