वळणाला बोकड, टायरला डिझेल

प्रिय दादा,

तुला आता तरी निवांत राहू द्यावं, असं ठरवलं होतं. पण तुझी मोटारसायकल आज दुरुस्त होऊन पेडगावला घरी आली आणि परवापासून तिच्यावर तुझी लेक परभणीला नोकरीला जाणार आहे. जिवंत माणसांशी बोलून दमलो, म्हणून तुला लिहितोय.

गाडी काय चमकतेय म्हणून सांगू! धुणाऱ्यानं टायरलासुद्धा डिझेलचा हात मारलाय. काळंभोर दिसावं म्हणून! मागचं टायर शहाबादी फरशीसारखं गुळगुळीत झालंय, त्यावर हा तेल चोपडतो. नक्षी कुठं गेली विचारलं, तर म्हणतो, "काका, चमक बघा की! नक्षी कोण बघायलंय?" किळस येते रे.

तुझ्या तेराव्याला तर कमालच झाली. मामांनी पंगतीतच निकाल दिला, "लय माणसं खाल्ली त्या वळणानं. बोकड द्यावंच लागतंय." दिलं! तू जिथं पडलास, तिथून चार पावलांवर चूल मांडली. रस्सा झणझणीत झाला होता म्हणे.

तू पडलास त्या दिवशी मेंढरं घेऊन वळणावर असलेल्या म्हाताऱ्याला मात्र कुणी काही विचारलं नाही. तो आपणहून माझ्याकडं आला. "मालक, मेंढरं आडवी आली, खोटं कशाला बोलू? पण ब्रेक मारल्याबरोबर म्होरलं चाक फिरायचंच थांबलं. ट्रॅक्टरनं सांडलेल्या चिखलावरनं नुसतं घसरत आलं."

एवढं त्याला दिसलं. आणि आपल्याला?

गाडी नवी होती तेव्हा तू मेकॅनिककडं तक्रार घेऊन गेलास, आठवतं? मीही सोबत होतो. "जोरात ब्रेक दाबला की मूठ थरथरायलीय. खोट हाय गाडीत." कसली खोट? चाक जाम होऊ नये म्हणून गाडीतलं एबीएस आपोआप ब्रेक धरत-सोडत होतं. थरथर म्हणजे ते काम करतंय! मेकॅनिकनं फ्यूज उपटला, त्यामुळं पेटलेल्या इशाऱ्याच्या पिवळ्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवली. "घ्या भाऊ, एकदम मक्खन!" आणि तू खूश! शिकलासवरलेला ना तू? गाडीसोबतची पुस्तिका तरी उघडायचीस!

मी उघडली होती. मला ठाऊक होतं. तरी मी काय केलं? विनोद. "गेली एकदाची गाडीची हुडहुडी," म्हणालो. तुम्ही दोघं खो खो हसलात. अख्ख्या जिल्ह्याला नावं ठेवत फिरतो मी, पण सगळ्यात जास्त शिसारी मला त्या वाक्याची येते.

आज त्याच मेकॅनिकला विचारलं, फ्यूज बसवला का? "कशाला? थरथरलं की पोरगी घाबरंल ना!" पट्टी उचकटून पाहिली. खाली दिवा तसाच पेटलेला.

किल्ली मी खिशात घातली. वहिनी भडकल्या, "भावजी, तिची नोकरी घालवता का?" लेक तर माझ्याकडं बघतसुद्धा नाही.

न बघू दे. उद्या दोन्ही टायर नवी घालतो आणि फ्यूज माझ्यासमोर बसवून घेतो. मग तिला चिखलाच्या गाडीवाटेवर नेतो आणि ब्रेक दाबायला लावतो. मूठ थरथरली की घाबरून ती पहिल्यांदा सोडणारच. ती न सोडता गाडी थांबवेपर्यंत आम्ही घरी येणार नाही. तोवर मागच्या सीटवर मी बसेन, दादा. पडलोच तर दोघं पडू.

तुझा धाकटा,
अण्णा