‘खराब’ लिहिलेली कॅसेट

१४ सप्टेंबर, रविवार. शॉमबर्ग.
बी.पी. ठीक. गुडघा बेठीक. लायब्ररीत पत्रक दिसलं: आर्ची पेंबल येतोय. निरोपाचा दौरा, १८ ऑक्टोबर, दुपारी तीन, इथून वीस मिनिटांवरच्या थिएटरात. मला वाटलं होतं हा कधीच गेला. फोटो निदान वीस वर्षांपूर्वीचा आहे, लबाड.
लेस्टरला होतो तेव्हा हा शनिवारी अख्ख्या इंग्लंडला टीव्हीसमोर बसवायचा. नकला, विनोद, आणि शेवटी दर वेळी तेच बंदरातल्या दिव्यांचं गाणं. मग दोन सिनेमे केले, दोन्ही आपटले. मग नशीब काढायला अमेरिकेत आला. त्याच सुमारास आम्हीही आलो. इथे त्याला कुत्रं ओळखेना. आम्हाला तरी कोण ओळखत होतं! पुढे म्हणे क्रूझवर गायचा.
तिकिटं काढली. मुक्ताला म्हटलं, दिवाळीला माहेरी येतेच आहेस तर चार दिवस आधी ये.

१६ सप्टें.
कॅसेटी काढल्या. एकोणीस. सगळ्या आर्चीच्या, सगळ्या स्वच्छ. तेव्हा टीव्हीसमोर स्टूल, स्टुलावर टेपरेकॉर्डर. बोलायचं नाही, कुकर लावायचा नाही, खोकला आला तर जिन्यात जाऊन खोकायचं. दिवसभर फॅक्टरीत गिअर तपासून पास-नापास करायचो, तेच घरी.
नलिनीला काही ते जमायचं नाही. शेवटचं गाणं लागलं की हिचं गुणगुणणं सुरू, तेही अर्धी मात्रा मागून. मी खेकसायचो, "गप्प बस ना जरा." पुढच्या शनिवारी त्याच टेपवर पुन्हा रेकॉर्डिंग.
ते गाणं शेवटी साफ मिळालं मुक्ता झाली त्या शनिवारी. नलिनी हॉस्पिटलात, घरात चिडीचूप. भेटायला गेलो तर आधी तिला हेच सांगितलं, मग बाळ पाहिलं. काय गाढव माणूस.

२१ सप्टें.
एकोणीसच्या एकोणीस ऐकल्या. पाच दिवस लागले. नलिनी कुठेच नाही. इतकं चोख काम मी फॅक्टरीतही केलं नसेल.
फोनात तिचे व्हिडिओ आहेत, पण ते शेवटच्या दोन वर्षांतले. दमलेला आवाज, "जेवलात का" एवढंच. तो माझ्या ओळखीचा नाही. मला ते गुणगुणणं ऐकायचंय. ती गेल्यापासूनच्या चार वर्षांत एवढं काही हवंसं वाटलं नव्हतं.

२८ सप्टें., रविवार
अल्फारेटाच्या घरून मुक्ताचा फोन. तिला सगळं सांगून बसलो. सांगणार नव्हतो. ती म्हणाली, "बाबा, आईच्या निटिंगचा डबा माझ्याकडे आहे ना, त्यात एक कॅसेट आहे. तुमचं हँडरायटिंग आहे. लाल शाईत ‘खराब’ लिहिलंय."
नापास मालाला लाल चिठ्ठी लावायची, तीच सवय. म्हणजे मी कचऱ्यात टाकलेली तिने उचलून ठेवली. लेस्टरहून इथे आणली. शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही.
मुक्ता वाजवून बघणार होती, पण तिच्याकडे प्लेअर नाही. म्हटलं, बरंच आहे, हात लावू नकोस. येताना पर्समध्ये घे, बॅगेत नको.

५ ऑक्टो.
कॅसेट डेकचा रबरी पट्टा बदलला. हेड स्पिरिटने पुसलं. आधी दुसऱ्या तीन कॅसेटी घालून पाहिल्या. नीट चालतोय.
एक आठवत नाही, आणि त्यानेच झोप जाते. खराब लिहिण्याआधी मी तो भाग पुसला होता का? पुसायचो कधी कधी. रागात.

१६ ऑक्टो.
मुक्ता आली. आधी कॅसेट, मग चकलीचा डबा. अक्षर माझंच. "लावू या?" म्हणाली. म्हटलं, शनिवारनंतर. घाबरतोय, हे तिला कळलं असावं.

१८ ऑक्टो., शनिवार
आर्ची एवढासा झालाय. काठी घेऊन आला, खुर्चीवर बसला. विनोद जुनेच, वेळ साधायची हातोटी शाबूत. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, तरी भरल्या हॉलसारखा वाकून नमस्कार केला. शेवटी दिव्यांचं गाणं. वरचा सूर लागेना. थांबला, हसला, म्हणाला, इथून पुढे मला येत नाही, तुम्ही गुणगुणा.
सगळे गुणगुणले. शेजारी मुक्ता. अर्धी मात्रा मागून. कधी शिकली कोण जाणे. मी तिच्याकडे पाहिलं नाही, नाहीतर ती थांबली असती.
नंतर तो टेबलाशी बसून सह्या देत होता. म्हटलं, नलिनीच्या नावाने द्या. त्याने विचारलं, त्या आल्यात का? म्हटलं, नाही. पुढे बरंच सांगायचं होतं, पण मागे रांग होती.

१९ ऑक्टो., रविवार
मुक्ता पणत्या आणायला गेलीय. मुद्दामच एकटी गेली, तीही आईसारखीच.
फ्रीजचा प्लग काढला. हीटर बंद केला. फोन गराजमध्ये ठेवून आलो. टेप इतकी जुनी की एकदा वाजली तर वाजली, पुन्हा वाजेलच असं नाही.
बटण दाबलं. खरखर. आर्चीचा विनोद, लोकांचं हसणं. दुसरा विनोद. टाळ्या. पियानो लागला, गाणं येतंय.
मी गप्प बसलोय.