केसवाली खोटी होती, आई

प्रिय आई,

तुला जाऊन चाळीस दिवस झाले. गेलेल्या माणसापर्यंत काहीही पोचत नाही, हे मी गावोगाव घसा फोडून सांगत आलो. आणि आज मीच पत्र लिहायला बसलोय! हस, हवं तितकं हस. पण काल मुक्ता जे बोलली, ते तुझ्याआधी दुसऱ्या कुणाला सांगू?

आपल्या वाडीतल्या बावखलाच्या तळाशी केसवाली राहते, तिचे हिरवे लांब केस आहेत, काठाशी आलेल्या पोराचा ती पाय धरते. ही गोष्ट तू आधी मला सांगितलीस आणि मग माझ्या लेकीला. दहा वर्षांचा होईपर्यंत मी त्या तळ्यात वाकून पाहिलं नव्हतं. त्या भीतीचा राग मला जन्मभर पुरला. त्या रागावर मी किती सभा गाजवल्या! घरी आलो की तू म्हणायचीस, "सभा संपली असेल तर हात धू. आमटी गार होतेय."

मुक्ता पाच वर्षांची होती तेव्हा. केळीच्या पानावर चिखलाचा भात वाढायची, "केसवाली, जेव गं" म्हणून हाक मारायची. ते पाहून माझं डोकं फिरलं. माझ्याच घरात ही भुतं? पण आई, चिखलाचा एक कणही पोरीने कधी तोंडात घातला नाही. हा भात खोटा-खोटा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. एवढी पुस्तकं वाचणाऱ्या मला ते दिसू नये?

तो रविवार आठवतो? माझे चार कार्यकर्ते जेवायला आले होते. त्यांच्यासमोर मी मुक्ताला बावखलावर नेलं, लांब बांबूने तळ ढवळला, शेवाळाचा झुबका वर काढला. "ही बघ तुझ्या आजीची केसवाली!" सगळे हसले. मुक्ताही हसली.

तू मागे उभी होतीस. म्हणालीस, "बांबू बुडाला तिथं पोर बुडेल, तेही सांग ना तिला."

"आई, एक भीती काढली की तू लगेच दुसरी घालतेस!" पुन्हा हशा. मला टाळीचं वाक्य सापडलं होतं. तू पदर खोचलास आणि आत गेलीस.

आठवड्याच्या आत पोर पाण्यात गेली. भर दुपारी. घरात तू एकटी. सत्तरीची बाई तू, नेसत्या लुगड्यानिशी उतरलीस आणि तिला केसाला धरून बाहेर काढलंस. मी धावत आलो तेव्हा तू ओट्यावर निथळत बसली होतीस. मुक्ता तुझ्या मांडीवर. आणि मी काय केलं? शेजारीपाजारी, तुझी सून, विरारहून आलेली ताई, सगळ्यांच्या देखत ओरडलो, "तुझ्या गोष्टींनी ओढली तिला पाण्यात! केसवाली बघायला गेली ती!"

तू का गं भांडली नाहीस? एरवी मिठाच्या खड्यावरून माझ्याशी तासभर वाद घालणारी तू! फक्त म्हणालीस, "हो रे बाबा. माझंच चुकलं."

त्यानंतर दोन वर्षं तू या घरात एकही गोष्ट सांगितली नाहीस. मुक्ता हट्ट करायची, तू म्हणायचीस, "बाबाला विचार, त्याला खरं ठाऊक असतं." मला वाटायचं, मी जिंकलो.

काल दुपारी आम्ही तुझ्या जाईला पाणी घालत होतो. मी सहज विचारलं, "मुक्ता, तेव्हा तू केसवालीला शोधायला गेली होतीस ना?"

"नाही रे बाबा! केसवाली खोटीच होती. मला आधीपासून माहीत होतं."

"मग त्याआधी पाण्यात का जात नव्हतीस?"

"आजी खरी घाबरायची ना! मी काठाजवळ गेले की तिचा हात गार व्हायचा." झारी बाजूला ठेवून ती म्हणाली, "मग तू हसलास. मला वाटलं, आजी पण खोटं-खोटंच घाबरते. पाणी काही करत नाही."

आई! पाच वर्षांच्या पोरीने गोष्ट आणि भीती बरोबर वेगळी करून ठेवली होती. गोष्ट खोटी, तुझा गार हात खरा. तेवढ्या आधारावर ती जिवंत होती. तो आधार मी चार माणसांच्या हशासाठी मोडला. आणि दोष तुला दिला.

मी आता केसवालीवर विश्वास ठेवायला लागलो असं समजू नकोस. ती नव्हती, नाही. मुलांना खरं सांगावं, हे मी उद्याही म्हणेन. पण त्या दिवशी खरं तू बोलत होतीस आणि खोटा मी होतो.

तुझ्या बाराव्याला तुझी सून आल्यागेल्याला सांगत होती, "सासूबाई देवमाणूस. फक्त त्या गोष्टींपायी मुक्ता जाता जाता वाचली." मी ऐकलं आणि गप्प बसलो. मान हलवली असेल कदाचित. तू तो आळ घेऊनच गेलीस ना गं?

येत्या रविवारी ताई येतेय. कार्यकर्त्यांनाही मी जेवायला बोलावलंय. भाषण करणार नाही, वचन देतो. मुक्ताला जवळ बसवून तीनच वाक्यं बोलेन. मुक्ता माझ्यामुळे पाण्यात गेली. आईने तिला बाहेर काढलं. आणि मी आईवर खोटा आळ घेतला.

तुझा,
अनंता